सत्तावीस मीटर हिरवं कुंपण

कुंपण घालण्याआधी शेजारच्या दाराची घंटा वाजवा. चौदा वर्षं मी हे एकच वाक्य बोलत आले आहे आणि त्याप्रमाणे वागलेला एकही माणूस मला अजून भेटलेला नाही. भेटणार तरी कसा म्हणा. ज्यांनी घंटा वाजवली त्यांच्याकडे आम्हाला जावंच लागत नाही.

आम्ही म्हणजे नगरपालिकेने नेमलेले तीन कुंपणपंच. दोन घरांत कुंपणावरून वाजलं की एक जण अर्ज करतो. मग आम्ही तिघं त्या जागेवर जातो, दोघांचं ऐकतो, मोजतो आणि तिथेच उभ्याउभ्या निकाल देतो. टोरकिल आमचा अध्यक्ष, निवृत्त मुख्याध्यापक. त्याला कायद्याची कलमं तोंडपाठ आहेत आणि कोणी न विचारता ती म्हणून दाखवायची खोडही आहे. प्रेबेन सुतार, त्यामुळे खांब, फळ्या, उंची हे त्याचं खातं. आणि मी विबेके. एकतीस वर्षं रोपवाटिकेत काढली म्हणून झाडांचा विषय माझ्याकडे.

लोकांना वाटतं, मोठं गमतीचं काम असेल. पहिली दोन वर्षं मलाही तसंच वाटलं. एका बाईने आम्हाला शेजाऱ्याच्या झाडांची सावली मोजायला लावली होती. दोन साडू एकाच कुंपणाच्या आपापल्या बाजू वेगवेगळ्या उंचीवर कापायचे, आणि त्या चार बोटांच्या फरकावरून दोन्ही घरांनी नाताळचं जेवण एकत्र घेणं सोडलं. अशा गोष्टी चारचौघांत सांगितल्या की लोक हसतात. पण तेच ते फुगलेले चेहरे आणि तेच ‘प्रश्न तत्त्वाचा आहे’ हे वर्षाला वीसदा ऐकलं की माणूस शिणतो. मी शिणले होते. त्या वर्षी तर अर्जाचा लिफाफा दिसला तरी माझे गुडघे दुखायला लागायचे.

आस्गरचा अर्ज मेअखेरीला आला. हाताने लिहिलेला, चार ओळींचा. ‘मी इस्पितळात असताना आमचं सामाईक बीचचं कुंपण तोडण्यात आलं. लांबी सत्तावीस मीटर. ते परत हवं आहे. घाई आहे.’ बीच म्हणजे आमच्याकडे कुंपणासाठी दाट लावून कापत ठेवतात ते झाड. ‘घाई आहे’ असं लिहिलेला अर्ज मी त्याआधी पाहिला नव्हता. कुंपणाची भांडणं लोक लोणच्यासारखी मुरवत ठेवतात, त्यांची घाई कोणालाच नसते.

जूनच्या मध्यावर, एका मंगळवारी साडेदहाला आम्ही गेलो. सत्तरच्या दशकातली बैठी विटांची घरं, प्रत्येकाच्या मागे बाग आणि दोन बागांच्या मध्ये हिरवं कुंपण. आमच्या फ्यून बेटावर अशी वस्ती गावोगाव आहे. फक्त या दोन घरांच्या मध्ये फळ्या होत्या. नव्या कोऱ्या, करड्या रंग दिलेल्या, एकीला एक चिकटवलेल्या. इकडून तिकडचं काही दिसायला नको, अशा बेताने बसवलेल्या.

प्रेबेनने घडीची पट्टी उलगडून फळ्यांना लावली. “एक मीटर शहाऐंशी. सहा सेंटिमीटर जास्त.”

“खालची आडवी फळी धरून?” टोरकिलने विचारलं.

“धरून. जमिनीपासून मोजायचं असतं, अध्यक्षमहाराज. हे तूच मला शिकवलंस.”

शेजारी तरुण जोडपं होतं, सिसेल आणि माल्थे. दीड वर्षापूर्वी घर घेतलेलं, दोन वर्षांची मुलगी, एक दांडगा कुत्रा. दोघांनीही कामावरून सुट्टी घेतली होती. माल्थेच्या हातात कागदांची फाइल होती. अशा फाइली मला आता लांबून ओळखू येतात. ज्याचं चुकलेलं असतं त्याची फाइल जाड असते.

सिसेलने विचारलं, “कॉफी घेणार?”

“घेता येत नाही,” मी म्हटलं. दोन्हीकडची कॉफी टाळायची हा आमचा नियम. आमचा थर्मास आमच्या गाडीत असतो.

आम्ही फळ्यांच्या रस्त्याकडच्या टोकाशी उभे होतो, तिथून दोन्ही अंगणं दिसत होती. आस्गर त्याच्या बाजूने काठी टेकत तिथे आला. वय एक्क्याऐंशी, सगळं आयुष्य फेरीबोटीच्या इंजिनाजवळ गेलेलं, त्यामुळे बोलणं थोडं मोठ्याने. एप्रिलमध्ये त्याच्या खुब्याचा सांधा बदलला होता. त्याने आम्हा तिघांशी हात मिळवला आणि मग जरा थांबून त्या दोघांशीही. दीड वर्षात ते तिघं पहिल्यांदाच एकमेकांसमोर उभे होते, हे मला नंतर कळलं.

टोरकिलने घसा खाकरला. “इथे पूर्वी हिरवं कुंपण होतं. ते हद्दीवर होतं, म्हणजे सामाईक. हे मान्य?”

“मान्य,” माल्थे म्हणाला. “पण नव्याचा सगळा खर्च आम्ही केला. त्यांच्याकडे एक छदामही मागितला नाही. आणि आम्ही सगळीकडे विचारलं होतं. कुंपणवाल्याला विचारलं, तो म्हणाला एक ऐंशीपर्यंत परवानगी लागत नाही. नगरपालिकेचं संकेतस्थळ वाचलं. जमिनीखालच्या केबलची चौकशी केली. हद्दीचे खुंटसुद्धा शोधून काढले, हे बघा फोटो.”

“आणि यांना?” प्रेबेनने काठीवर रेललेल्या आस्गरकडे मान वळवली.

“कळवलं होतं.” माल्थेने फाइलमधून एक कागद काढला.

टोरकिलने तो मोठ्याने वाचला. ‘प्रिय शेजारी, आपल्यामधलं जुनं कुंपण काढून तिथे स्वखर्चाने लाकडी कुंपण घालावं असा आमचा विचार आहे. चौदा दिवसांत आपल्याकडून काही कळलं नाही तर आपली हरकत नाही असं समजू. तुम्हाला कसलाही त्रास होणार नाही याची काळजी घेऊ. सप्रेम, सिसेल आणि माल्थे.’ खाली एक हसरा चेहरा काढला होता.

“चौदा दिवस,” आस्गर म्हणाला. “त्यांतले बारा दिवस मी खाटेवर पडून होतो. आणि माझ्या बायकोला, सोल्वायला, तेवढ्यापुरतं शुश्रूषागृहात ठेवलं होतं. घर बंद होतं, पोरांनो.”

“आम्हाला वाटलं, मुलीकडे गेला असाल,” सिसेल हळूच म्हणाली.

“मुलगी नाही मला.”

खरं तर मी बोलायला नको होतं, कारण आपण फक्त झाडांपुरतं बोलायचं, असं टोरकिलने मला अनेकदा बजावलं आहे. पण माझ्याच्याने राहवलं नाही. “अगं, पत्रपेटीपर्यंत गेलीस ना? तिथून दार सात पावलांवर. घंटा का नाही वाजवलीस?”

“त्रास नको म्हणून,” ती म्हणाली. तिचे डोळे भरून आले. “त्या आजारी आहेत, हे दिसत होतं. आमचा ओटो कुंपणातून नाक घालून भुंकायचा आणि त्या दचकायच्या. एकदा तर किंचाळल्या. मला इतकं वाईट वाटलं. म्हणून म्हटलं, मध्ये काहीतरी भक्कम घालू, म्हणजे त्यांना कुत्रा दिसणार नाही, ऐकूही कमी येईल. त्यांच्यासाठीच घातलं हो ते.”

मी कपाळावर हात मारून घेतला नाही एवढंच. दुष्टपणे तोडलेली कुंपणं मी पुष्कळ पाहिली आहेत, तिथे निदान चिडता तरी येतं. इथे चिडायचं कोणावर?

टोरकिल पुढचं कलम सांगायला लागला, तेवढ्यात आस्गरच्या स्वयंपाकघराचं दार उघडलं आणि एक बाई बाहेर आल्या. अंगात चांगला कोट, गळ्याशी पिन, हातात पर्स. केस नीट विंचरलेले. त्या अंगणाच्या मधोमध थांबल्या, फळ्यांकडे बघत राहिल्या आणि मग सरळ माझ्याकडे आल्या.

“माफ करा हं,” त्या मला म्हणाल्या, “मला आता घरी जायला हवं. इथे फार छान पाहुणचार झाला, पण उशीर होतोय. बस कुठून सुटते?”

“सोल्वाय,” आस्गर म्हणाला, “बस आत्ताच गेली. पुढची जेवणानंतर आहे.”

“असं का? मग थांबते.” त्यांनी त्याच्याकडे जरा निरखून पाहिलं. “तुम्ही फार चांगले आहात.”

त्याने तिला हाताला धरून आत नेलं. काठी आणि बायको दोन्ही सांभाळत त्या चार पायऱ्या चढायला त्याला एवढा वेळ लागला की माल्थे आपल्याच अंगणातून मदतीला धावला आणि मध्ये फळ्या आहेत हे लक्षात येऊन थांबला. मग रस्त्याने वळसा घालून गेला, तोवर ते दोघं आत पोचले होते.

परत आल्यावर आस्गरने आम्हाला सगळं सांगितलं. तक्रारीचा सूर नव्हता, यंत्रात कुठे काय बिघडलंय ते सांगावं तसं सांगत होता. सोल्वायला पाच वर्षांपासून विसराळूपणाचा आजार. घरातल्या खोल्यासुद्धा ती आता विसरते, पण बाग तिला ओळखू यायची. हे कुंपण तिनेच १९७८ साली लावलं होतं, तेव्हाच्या शेजारणीबरोबर, गुडघ्याएवढी रोपं दोरी धरून. स्वयंपाकघराच्या खिडकीत बसली की समोर तेच. हिवाळ्यातही बीचची वाळलेली पानं गळत नाहीत, त्यामुळे बारा महिने समोर तेच. तिला काही आठवत नसलं तरी समोर ते दिसलं की ती घरी असायची.

“आणि आता?” प्रेबेनने विचारलं.

“आता ती रोज पर्स घेऊन निघते. हे घर तिचं नाही म्हणते. मला मुळीच दोष देत नाही, आभार मानून निघते.” तो काठीच्या मुठीवर हात घासत राहिला. “दोनदा माझी नजर चुकवून गेली. एकदा पोस्टमनने आणली, एकदा पोलिसांनी, बंदराजवळून. माझी कंबर ही अशी, मी मागे धावणार कसा? नगरपालिकेची परिचारिका म्हणाली, आस्गर, तिसऱ्यांदा झालं तर मला लिहावंच लागेल. मग तिला शुश्रूषागृहात कायमची जागा देतील. परत घरी नाही येत तिथून कोणी.” तो टोरकिलकडे वळला. “म्हणून घाई आहे.”

अशा वेळी आम्ही तिघं बाजूला जाऊन विचार करायचा असतो. आम्ही रस्त्यावर प्रेबेनच्या गाडीपाशी गेलो. प्रेबेनने सवयीने काळ्या पावाचा डबा उघडला आणि न खाताच बंद केला.

“निकाल उघड आहे,” टोरकिल म्हणाला. “सामाईक कुंपण संमतीशिवाय काढता येत नाही. फळ्या काढायच्या, पुन्हा बीच लावायचं, खर्च यांचा. दहा मिनिटांचं काम आहे.”

“केवढं बीच?” मी विचारलं.

“नेहमीचं. साठ ते ऐंशी सेंटिमीटर, मीटरला पाच रोपं.”

“टोरकिल, ऐंशीचं रोप डोक्याएवढं व्हायला सात-आठ वर्षं लागतात. पाऊसपाणी चांगलं झालं तर.”

“ते मला माहीत आहे.”

“तो एक्क्याऐंशीचा आहे. आणि तिच्याकडे सात आठवडेसुद्धा नाहीत.”

“हे बघ विबेके, मी चाळीस वर्षं शाळा चालवली आहे, माझं काळीज दगडाचं नाही. पण कायदा कुंपण परत देतो. वय परत कसं देणार?”

“मग मोठी झाडं आणायला लाव.”

“समझोता झाला तर लावतो. हुकूम म्हणून नाही लावता येणार, ते कोर्टात टिकणार नाही.”

आम्ही परत गेलो. टोरकिलने समझोत्याची गोष्ट काढायच्या आधीच सिसेल पुढे आली. “सगळ्यांत मोठी झाडं आणू. दोन मीटरची मिळतात, मी बघितलं आत्ता. माल्थे, बोल ना.”

“आणू,” माल्थे म्हणाला. फाइल त्याने केव्हाच गवतावर ठेवून दिली होती. “या आठवड्यात आणू. उद्या फोन करतो.”

सगळे माझ्याकडे बघायला लागले, कारण आता विषय झाडांचा होता. चौदा वर्षांत मला इतकं नकोसं उत्तर द्यावं लागलं नव्हतं.

“आत्ता नाही चालणार,” मी म्हटलं. “पानावर आलेलं एवढं मोठं बीच उन्हाळ्यात उपटलं तर पंधरा दिवसांत वाळून जातं. ऑक्टोबर उलटल्यावर लावायचं. त्याच्या आधी कुठलीही चांगली रोपवाटिका देणारसुद्धा नाही.”

“नोव्हेंबर,” आस्गर म्हणाला. त्याने बोटांवर महिने मोजले आणि हात खिशात घातला.

कागद तयार झाला. फळ्या काढायच्या, मुळं खणून काढायची, दोन मीटर उंचीचं बीच नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत लावायचं, सत्तावीस मीटर, तीन वर्षं पाणी सिसेल आणि माल्थेने घालायचं. आस्गरची प्रत्येक मागणी मान्य झाली होती. माझ्या इतक्या वर्षांत एवढा एकतर्फी निकाल आम्ही दिला नव्हता. त्याने सही केली, आभार मानले आणि काठी टेकत घरात गेला, कारण आत पर्स उचलल्याचा आवाज आला होता.

मी गाडीत बसत होते, तेवढ्यात सिसेल धावत आली. “मधल्या काळात काहीच नाही का करता येणार? काहीही?”

“पंच म्हणून मला काही सांगता येत नाही.”

“अहो, पंच म्हणून नका सांगू.”

मी टोरकिलकडे पाठ केली. “बीचच्या मोठ्या फांद्या तोडून आण. पाण्याच्या बादल्यांत उभ्या कर, फळ्यांना टेकवून, त्यांच्या खिडकीसमोर येतील अशा. वरचं टोक सुतळीने बांध. पाच-सहा दिवस हिरव्या राहतील. मग बदल. पण त्यांना विचारून कर हं. घंटा वाजवून.”

“पक्षपात झाला,” गाडीत टोरकिल म्हणाला.

“लिहून घे,” मी म्हटलं. त्याने लिहून घेतलं नाही.

जुलैच्या पहिल्या आठवड्यात मी सायकलवरून मुद्दाम त्या रस्त्याने गेले. मुद्दाम हे कबूल करायला मला लाज वाटत नाही. खिडकीसमोरची सहा-सात मीटर जागा हिरवी दिसत होती. सिसेलच्या वडिलांच्या शेतावर बीचची रांग होती, तिथून ती दर शनिवारी आणि बुधवारी गाडीभर फांद्या आणत होती. आस्गर फाटकाशी आला.

“चालतंय,” तो म्हणाला. चेहरा निवळला होता. “काल दोन तास बसली खिडकीत. पर्स खुंटीला. मला म्हणाली, यंदा कुंपण जरा वाकडं कापलंयस.”

“मग तुम्ही काय म्हणालात?”

“म्हटलं, कात्री बोथट झाली.” तो हसला. “ती पोरगी संध्याकाळी येते, सोल्वायच्या शेजारी बसून वाटाणे सोलते. कुत्राही आणला होता एकदा. सोल्वाय त्याला वाटाणे भरवत होती, बाई, ज्याच्यासाठी ही सगळी फळकुटं उभी राहिली त्याला.”

घरी येताना मी बऱ्याच दिवसांनी शीळ घालत होते. मला वाटलं, चला, एक तरी भांडण धड सुटलं. नोव्हेंबरपर्यंत ही माणसं अशी ढकलत नेतील.

पण जुलैचा उत्तरार्ध म्हणजे सगळ्यांची सुट्टी. सिसेल आणि माल्थेने पश्चिम किनाऱ्यावरचं उन्हाळी घर जानेवारीतच दोन आठवड्यांसाठी घेऊन ठेवलं होतं. तिने आस्गरला विचारलं होतं. हे ती मला नंतर पुन्हापुन्हा सांगत होती, घंटा वाजवून विचारलं होतं. रद्द करू का, नाहीतर वडिलांना फांद्या घेऊन पाठवू का, नाहीतर माल्थे एकटाच मागे राहील. आणि आस्गर म्हणाला होता, छे छे, जा तुम्ही पोराबाळांना घेऊन. दोन आठवडे काय, मी बघून घेईन. माझ्यापायी तुमची सुट्टी कशाला घालवायची? उगाच कोणाला त्रास नको.

म्हणजे तोही त्यातलाच. आमच्या इथली सगळीच माणसं त्यातली, मी तरी कुठे वेगळी? त्या दोन आठवड्यांत मी घरीच होते, सायकल दारात होती, माझ्या रोपवाटिकेतल्या जुन्या ओळखींनी मला हव्या तेवढ्या फांद्या दिल्या असत्या. पण पंचाने पुन्हापुन्हा एकाच घरी जाणं बरं दिसत नाही, असं मी मला सांगत राहिले. आजही ते वाक्य आठवलं की मला माझाच राग येतो.

त्या वर्षी जुलै कोरडा गेला. फांद्या चौथ्या दिवशी मलूल झाल्या, आठव्या दिवशी तपकिरी, मग पानं गळून बादल्यांत काटक्या उरल्या. आस्गरने एकदा स्वतः फांद्या आणायचा प्रयत्न केला आणि कंबर धरून रस्त्याच्या कडेला बसला. अकराव्या दिवशी दुपारी तो खुर्चीत पेंगत असताना सोल्वाय कोट घालून निघाली. संध्याकाळी सहाला ती सापडली, नऊ किलोमीटरवर, मोठ्या रस्त्याच्या कडेच्या बसथांब्यावर. उन्हाने भाजलेली, एका पायात बूट नसलेली. पोलिसांना तिने अगदी अदबीने सांगितलं की ती घरी निघाली आहे आणि तिचा नवरा वाट बघत असेल.

परिचारिकेला लिहावंच लागलं. सप्टेंबरच्या चार तारखेला सोल्वायला शुश्रूषागृहात कायमची जागा मिळाली.

नोव्हेंबरच्या वीस तारखेला आम्ही पूर्ततेची पाहणी करायला गेलो. आकाश करडं, वारा बोचरा. फळ्या गेल्या होत्या. त्यांच्या जागी सत्तावीस मीटर बीच उभं होतं, दोन मीटर उंच, सुतासारखं सरळ, मुळाशी ओली काळी माती आणि पाण्याची नळी अंथरलेली. पानं तांबूस झाली होती आणि वाऱ्यात सळसळत होती. प्रेबेनने पट्टी लावली, टोकापासून टोकापर्यंत चालत गेला आणि परत आला. मी तीन-चार ठिकाणी माती उकरून मुळांचे गोळे पाहिले. इतकं चांगलं लावलेलं कुंपण मी क्वचित पाहिलं आहे, आणि तसं मी त्यांना सांगितलंही.

माल्थेने नुसती मान हलवली. त्याच्या नखांत माती होती. सगळे खड्डे त्याने स्वतः खणले होते, कोणालाही हात लावू दिला नव्हता. सिसेल आस्गरच्या बाजूला उभी होती, त्याच्या कोपराला धरून. आता ती रोजच त्याच्याकडे असते, असं माल्थे म्हणाला. मुलगी त्याला आजोबा म्हणते.

टोरकिलने कागद पुढे केला. त्यावर एकच रकाना असतो, पूर्तता झाली की नाही. त्याच्या खाली तीन सह्या.

“तिला दाखवलं का?” मी आस्गरला विचारलं.

“दाखवलं ना. रविवारी आणली होती दोन तास. सिसेलनेच गाडीने आणली.” तो कुंपणाजवळ गेला आणि एक पान दोन बोटांत धरलं. “इथेच उभी होती. बराच वेळ बघत होती. हात घातला आत, पार कोपरापर्यंत. म्हणाली, काय सुंदर कुंपण आहे. किती मन लावून राखलंय कोणी.”

“म्हणजे ओळखलं!”

“मलाही तसंच वाटलं. मग तिने विचारलं, इथे कोण राहतं? मी म्हटलं, मी राहतो.” त्याने पान सोडून दिलं. “तर म्हणाली, एकटेच?”

टोरकिलने पेन माझ्या हातात दिलं. मी ‘पूर्तता झाली’ वर खूण केली आणि खाली सही केली.